आरपीएमचा काटा आणि धाकटा भाऊ

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

ताई,

मी मूळचा नाशिकचा. गेली अकरा वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. शाळेत असताना मी आणि माझ्या धाकट्या भावानं एका मासिकाचं मधलं पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पोर्शे ९११, त्या वेळची ९९३ पिढीची. बाबांना दिसू नये म्हणून आतून. 'एक दिवस घ्यायचीच' असं तेव्हापासून डोक्यात आहे आणि नऊ वर्षं त्यासाठी पैसे साठवतोय.

२०२४ मध्ये ९११ ची सुधारित आवृत्ती आली आणि माझं मनच उतरलं. मधोमध असलेला, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा खरा काटा गेला, तिथं अखंड स्क्रीन आली. गाडी चालू करायचा फिरवायचा खटका गेला, बटण आलं. जीटीएस या जास्त ताकदीच्या प्रकारात हायब्रिड आलं आणि तिचा हाताचा गिअर बंद झाला. पुढच्या बंपरमध्ये दिव्यांची अशी काही गर्दी केलीय की मला तो चेहरा ओळखीचा वाटत नाही. ऑफिसात बोललो तर लोक हसतात. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, तुला गाडी नकोय, तुला कपाटाचं दार हवंय." मला फार लागलं ते. दोन महिने आम्ही नीट बोललेलो नाही.

अर्धे पैसे जमलेत, उरलेल्याचं कर्ज मिळेल. नवी घेऊ? की हा नादच सोडून देऊ? आणि एका गाडीसाठी इतकं वाईट वाटणं बरोबर आहे का?

— बेचैन, स्टुटगार्ट

उत्तर

प्रिय बेचैन,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तू सगळ्यात लाजत विचारला आहेस. वाईट वाटणं बरोबर आहे. ज्या वस्तूकडे पाहत माणूस नऊ वर्षं पगारातून पैसे बाजूला काढतो, तिचं रूप बदललं तर त्याला लागणारच. ऑफिसातल्या लोकांना हसू दे. त्यांच्या कपाटाला आतून काय चिकटवलेलं होतं ते तुला माहीत नाही.

मी एकतीस वर्षं इंजिनांच्या चाचण्या केल्या. धूर मोजणं, आवाज मोजणं, आकडे लिहून काढणं. म्हणजे ज्या नियमांमुळे गाड्या बदलतात, त्या नियमांच्या बाजूला मी उभी होते. माझे थोरले बंधू साताऱ्यात बुलेट चालवायचे. जुनी, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. पुढे ते इंजिन बंद झालं, नवं आलं आणि गिअर डाव्या पायात गेला. दादानं नवी गाडी एकदा चालवून पाहिली. पहिल्याच चौकात थांबायला म्हणून डावा पाय दाबला, तर गाडी थांबेना, गिअर बदलला. काही झालं नाही, पण घरी आला आणि ओट्यावर गप्प बसून राहिला. मी मात्र त्याला प्रदूषणाचे नियम समजावत बसले. किती ग्रॅम काय आणि किती ग्रॅम काय. नियम त्यालाही माहीत होते. त्याला त्याचा उजवा पाय परत हवा होता. त्या संध्याकाळी मी आकडे बाजूला ठेवून त्याच्याशेजारी नुसती बसले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून आधी तुझ्याशेजारी बसते. आकडे नंतर.

तुझ्या पत्रात चार तक्रारी आहेत: काटा, खटका, हायब्रिड-गिअर आणि चेहरा. तू त्या एका दमात लिहिल्या आहेस, जणू चारही एकच दुखणं आहे. तसं नाही. ९११ चा साठ वर्षांचा इतिहास बघितला तर बदलांबद्दल धास्तावलेले लोक काही वेळा अगदी बरोबर ठरले आणि काही वेळा साफ चुकले. कुठं बरोबर आणि कुठं चूक, यात बऱ्यापैकी संगती आहे. ती कळली की तुझी धास्ती नेमकी होईल. नेमकी झाली की तिचं काहीतरी करता येतं.

ही गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचं नावही ९११ नव्हतं, ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजोनं हक्क सांगितला, म्हणून १९६४ मध्ये शून्याचा एक झाला. ज्या आकड्यावर आज लोक जीव टाकतात तोच मुळात तडजोडीतून आलेला. दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं आडवं बॉक्सर इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं, ताकद १३० पीएस (म्हणजे जर्मन अश्वशक्ती). पुढे १९७४ च्या मॉडेलला अमेरिकेतल्या धडकेच्या नियमांमुळे मोठे, अकॉर्डियनसारख्या घड्या असलेले बंपर आले. नाजूक क्रोमचे बंपर गेले म्हणून तेव्हाही लोक हळहळले होते. ते जाडे बंपर १९८९ पर्यंत टिकले, आणि आज तीच 'जी मालिका' लोक जिवापाड सांभाळतात. तुझ्या आजूबाजूला रविवारी सकाळी बाहेर पडणाऱ्या जुन्या एल्फर, म्हणजे ९११, बघ, त्यातल्या किती त्या काळातल्या आहेत ते मोज.

आता पाण्याची गोष्ट. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा विषय आणि तुझ्या कपाटाच्या दाराचाही. तुझं ते पोस्टर ९९३ चं, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या शेवटच्या पिढीचं. १९९७ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात पुढची पिढी, ९९६, आली आणि ९११ च्या इंजिनात पहिल्यांदा पाणी फिरू लागलं. चाहत्यांना वाटलं, आत्माच काढून घेतला. हवेवरच्या इंजिनाचा तो कोरडा, खरखरीत आवाज, मागच्या मोठ्या पंख्याची घरघर, सगळं गेलं.

पण ते का गेलं ते ऐक. हवेवर थंड होणाऱ्या त्या इंजिनात दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असत. जास्त ताकद आणि कमी धूर दोन्ही हवे असतील तर चार व्हॉल्व्ह लागतात. चार बसवले की धूर बाहेर सोडणारे दोन व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून येतात आणि त्यांच्यामधली धातूची चिंचोळी पट्टी भट्टीसारखी तापते. तिथपर्यंत हवा पोचवणं फार कठीण, पाणी मात्र सहज पोचतं. पोर्शेच्या इंजिनिअरांना हे केव्हाच कळलं होतं. शर्यतीच्या गाडीसाठी त्यांनी १९७८ मध्येच सिलिंडर हवेवर थंड होणारे आणि त्यांची डोकी, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, पाण्यावर अशी जोडणी केली होती, आणि १९८६ च्या ९५९ या आपल्याच गाडीतही तेच केलं. म्हणजे ज्या ९५९ ला चाहते देव मानतात तिच्या डोक्यात पाणी होतंच. शिवाय आवाजाचे नियम. इंजिनाभोवती पाण्याचा थर असला की आतला खडखडाट तिथंच जिरतो. हवेवरच्या इंजिनाला असं पांघरूण घालता येत नाही. मी स्वतः आवाजाच्या चाचणीत माइकमागे उभी राहिले आहे. तो नियम गाठायचा म्हणजे काय हे मला ठाऊक आहे.

परिणाम बघ. ९९३ चं इंजिन ३.६ लिटरचं, शेवटी शेवटी २८५ पीएस. ९९६ चं ३.४ लिटरचं, म्हणजे लहान, आणि ३०० पीएस. गाडी आकारानं मोठी होऊनही साधारण ५० किलोनं हलकी झाली. ९९३ सुमारे ६८ हजार बनल्या, ९९६ पावणेदोन लाख. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी बुडायच्या बेतात होती हे लक्षात घे. तिथं काम करणाऱ्या हजारो घरांची चूल त्या पाण्यानं पेटती ठेवली. त्या वेळी 'आत्मा गेला' म्हणणाऱ्यांचं दुःख खरं होतं, पण अंदाज चुकला. हवेवरचं इंजिन परत आलं नाही, येणारही नाही. पदार्थविज्ञान आणि कायदा मिळून जे नेतात ते परत येत नाही.

त्याच ९९६ बद्दल चाहत्यांचं दुसरं एक म्हणणं होतं: चेहरा. पैसे वाचवण्यासाठी ९९६ चा पुढचा भाग पोर्शेच्याच, तिच्याहून स्वस्त बॉक्स्टरशी जुळता केला होता. हेडलाइट, इंडिकेटर, फॉगलाइट सगळं एका वितळल्यासारख्या काचेत. जर्मन लोक त्याला 'श्पीगेलआय' म्हणू लागले, आपल्याकडच्या भाषेत हाफ-फ्राय. पिंकी लाय यांनी रेखाटलेली त्या गाडीची बाजूची रेषा माझ्या मते फार सुंदर आहे, आणि दिव्यांपायी तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही याचं मला वाईट वाटतं. पण दिव्यांबद्दल चाहते बरोबर होते. २००२ च्या मॉडेलला दिवे बदलले, आणि २००४ मध्ये त्यापुढची पिढी, ९९७, आली तेव्हा गोल दिवे परत आले, इंडिकेटर पुन्हा वेगळे झाले. कंपनीनं भाषण केलं नाही, निमूटपणे गोल दिवे परत लावले. चेहऱ्याचं असं असतं. तो कागदावर बदलता येतो, म्हणून लोकांना आवडला नाही तर पाच-सात वर्षांत परत बदलतो. तेव्हा बंपरमधल्या दिव्यांच्या गर्दीसाठी झोप घालवू नकोस. ते एक तर तुझ्या डोळ्यांना सवयीचं होईल, नाही तर पुढच्या पिढीत जाईल.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते तुझं खरं दुखणं तिथं आहे. हाताला आणि बोटांना जे कळतं ते.

२०१३ मध्ये जिनिव्हात ९११ जीटी३ ची नवी पिढी दाखवली. ट्रॅकवर नेण्यासाठी जिचं नाव घ्यायचं ती गाडी, आणि ती फक्त पीडीकेवर आली, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. हाताचा गिअर घ्यायचा म्हटला तरी नाही. कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. पीडीके वेगवान आहे, घड्याळ त्याच्याच बाजूनं आहे. पण ही गाडी घेणाऱ्यांनी घड्याळासाठी घेतलेली नव्हती. ते बोलत राहिले, लिहीत राहिले. २०१६ मध्ये ९११ आर आली, सहा गिअरची, हाताच्या गिअरची, एकूण ९९१ गाड्या. लोकांनी ती मिळवण्यासाठी काय काय केलं आणि जुन्या बाजारात तिची किंमत कुठं गेली, हे तू माझ्याहून जवळून पाहिलं असशील. आणि २०१७ मध्ये जीटी३ ला हाताचा गिअर परत मिळाला. आजही मिळतो. तिथं कायदा आड येत नव्हता, भौतिकशास्त्रही नाही. फक्त कुणीतरी 'हे आता कुणाला नको असेल' असं ठरवलं होतं, आणि लोकांनी 'आम्हाला हवंय' असं पैशानिशी सांगितलं.

आता तुझ्या तक्रारी पुन्हा बघू.

हायब्रिडबद्दल तू थोडा चुकतो आहेस असं मला वाटतं. जीटीएसमध्ये आलंय ते प्लग लावून चार्ज करायचं प्रकरण नाही. बॅटरी जेमतेम १.९ किलोवॉट-तासाची, सुमारे २७ किलोची. नुसत्या विजेवर ही गाडी फिरत नाही. गंमत टर्बोत आहे. आधी दोन टर्बो होते (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे), आता एकच, पण त्याच्या दांड्यावर एक विजेची मोटर बसवली आहे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर धुराचा जोर वाढेपर्यंत टर्बोला जी वाट पाहावी लागायची ती ही मोटर संपवते, आणि वर उरलेल्या धुरातून वीजही परत मिळवते. इंजिन नवं, ३.६ लिटरचं. सगळं मिळून ५४१ पीएस, आणि वजन आधीच्या जीटीएसपेक्षा साधारण ५० किलोनं जास्त. हायब्रिडच्या मानानं हे वजन किती कमी आहे हे तुझ्या धंद्यातल्या माणसाला मी सांगायला नको. नुरबुर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ती आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी लवकर फिरून आली. मी आयुष्यभर टर्बोचा उशीर मोजला आहे. ही कल्पना मला अतिशय देखणी वाटते, आणि हे मी मनापासून सांगते.

पण हाताच्या गिअरबद्दल तू बरोबर आहेस. त्या हायब्रिडची दुसरी मोटर पीडीकेच्या पेटीतच बसवलेली आहे, म्हणून जीटीएसला हाताचा गिअर सध्या शक्यच नाही. जी जीटीएस आधी सात गिअरची मिळायची, ती आता मिळत नाही. कॅरेरा, म्हणजे सगळ्यात साधी ९११, तीही पीडीकेवरच येते. मात्र दार पूर्ण बंद झालेलं नाही. २०२४ च्याच शेवटी कॅरेरा टी आली, सहा गिअरची, फक्त हाताच्या गिअरची, हायब्रिड नाही, गिअरच्या दांड्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ. आणि जीटी३ अजून चार लिटरचं, टर्बो नसलेलं, ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन घेऊन हाताच्या गिअरसह मिळते. तुझ्या पत्रात कॅरेरा टीचा उल्लेखच नाही. रागात असलेला माणूस जे गेलं तेवढंच मोजतो.

काटा आणि खटका. इथं मी पूर्ण तुझ्या बाजूनं आहे. ९११ मध्ये आरपीएमचं घड्याळ मधोमध आणि सगळ्यात मोठं असतं, वेगाचं बाजूला. त्या मांडणीतच गाडीचं म्हणणं आहे की आधी इंजिनाकडे बघ. २०१८ ला आलेल्या पिढीतही दोन्ही बाजूंना स्क्रीन करून मधला काटा खरा ठेवला होता. आता तोही गेला. स्क्रीनवर पाच गोल घड्याळांचं जुनं चित्र आणता येतं हे खरं, पण चित्र ते चित्र. खऱ्या काट्याला वजन असतं, तो थोडा उशिरा उठतो, थरथरतो, डोळ्याच्या कडेनं दिसतो. चाचणीच्या खोलीत आमच्याकडे संगणक आल्यावरही मी एक जुनं काट्याचं घड्याळ शेवटपर्यंत काढू दिलं नव्हतं. इंजिन आजारी पडायच्या आधी तो काटा किंचित अडखळायचा. संगणक सरासरी काढून गुळगुळीत आकडा दाखवायचा, काटा खरं ते दाखवायचा. एवढ्या किमतीच्या गाडीत मधला एक खरा काटा ठेवायला कुठलाही कायदा आड येत नाही. हे जीटी३ च्या गिअरसारखं आहे, पाण्यासारखं नाही.

म्हणून तुझं पहिलं काम: पत्र लिही. मला नाही, त्यांना. पोर्शेचा कारखाना जिथं आहे ते झुफेनहाउझेन तुझ्या घरापासून एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, अंतरावर आहे. 'नवीन डिझाइन आवडलं नाही' असं लिहू नकोस, त्याला कुणी उत्तर देत नाही. 'मी ग्राहक आहे, नऊ वर्षं पैसे साठवलेत, कॅरेरा टीमध्ये मधला खरा काटा आणि फिरवायचा खटका असता तर आज नोंदणी केली असती' असं लिही. एक गोष्ट, एक मॉडेल, एक माणूस पैसे घेऊन उभा. उत्पादन ठरवणाऱ्या लोकांसमोर मी बसले आहे. त्यांच्या टेबलावर अशी पत्रं फार कमी येतात आणि ती वाचली जातात.

१९८० च्या सुरुवातीची गोष्ट तुला माहीत असेलच, तरी सांगते. तेव्हा ९११ बंद करायचंच ठरलं होतं, तिची जागा ९२८ घेणार होती, पुढे इंजिन असलेली, पाण्यानं थंड होणारी. नवे प्रमुख पीटर शुट्झ १९८१ मध्ये आले. त्यांना तांत्रिक प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत एक तक्ता दिसला. बाकी गाड्यांच्या रेघा लांबपर्यंत गेलेल्या, ९११ ची लवकरच थांबलेली. शुट्झ यांनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, थेट भिंतीवर ओढली. तू ज्या गाडीसाठी रडतो आहेस ती आज आहे ती त्या रेघेमुळे. अशी रेघ ओढणारा माणूस त्या इमारतीत आजही कुणीतरी असेल. त्याच्या हातात तुझं पत्र असू दे.

आता पैशाचं. इथं स्पष्ट बोलते. सव्वा लाख युरोंच्या वर किंमत असलेली गाडी, अर्धं कर्ज काढून, आणि ज्या गोष्टींसाठी तुझा जीव तुटतो त्या नेमक्या तिच्यात नाहीत. नको घेऊस. दर महिन्याला हप्ता भरताना तू स्क्रीनकडे बघशील आणि तुझं मन खट्टू होईल.

तुला काय हवं आहे ते तूच लिहिलं आहेस: खरा काटा, फिरवायची चावी, हाताचा गिअर. हे तिन्ही एकत्र असलेली गाडी आज विकत मिळते. ९९७, तीही दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे २००८ च्या मध्यापासून पुढची. पाचही घड्याळं खरी, मधला काटा खरा, डाव्या हाताला खरी चावी, सहा गिअर, आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक. यानंतरच्या पिढीपासून ते विजेवर गेलं, आणि जुनं चालवलेल्यांना हा फरक तळहाताला कळतो. कॅरेरा एसचं ३.८ लिटरचं इंजिन ३८५ पीएसचं, तुला कमी पडणार नाही. दुसऱ्या टप्प्यातलीच का, तर तिथं इंजिन नव्यानं बांधलेलं आहे. ९९६ आणि पहिल्या ९९७ मध्ये जो मधला शाफ्ट आणि त्याचं बेअरिंग लोकांना रडवतं, तो शाफ्टच या इंजिनात नाही. तरीही घेण्याआधी पोर्शे नीट जाणणाऱ्या गॅरेजात सिलिंडरची एंडोस्कोपी, म्हणजे आत कॅमेरा घालून तपासणी, करून घे. सर्व्हिसचं वहीखातं पानापानानं वाच, विकणारा 'शेकहेफ्टगेफ्लेग्ट' (सगळी सर्व्हिस वहीत नोंदलेली) म्हणतो एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. मागच्या मालकाला एकच विचार: थंड इंजिन किती वेळ गरम होऊ द्यायचास? उत्तर द्यायला तो अडखळला तर पुढची गाडी बघ. जमलेल्या पैशांत बसेल अशीच गाडी शोध, आणि थोडे दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. ते बाजूला ठेवलेले मोडू नकोस, जुन्या ९११ ला ते लागतात.

कर्ज न काढता मनासारखी गाडी दारात उभी राहील. नंबरप्लेट हंगामी घे, एप्रिल ते ऑक्टोबरची. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते तिला लागायला नको. आणि तरीही घ्यायच्या आधी एक दिवस शोरूममध्ये जाऊन नवी कॅरेरा टी चालवून ये. स्क्रीन बघून राग आला तर येऊ दे, पण दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये टाकताना हाताला काय वाटतं ते नीट लक्षात ठेव. माझ्या दादानं ती नवी बुलेट एकदाच चालवली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. त्याचं मत बरोबर असेल, पण एका चौकापुरतं होतं.

राहिला भाऊ.

"तुला कपाटाचं दार हवंय." हे वाक्य तुला लागलं कारण ते अर्धं खरं आहे. पण तो हे का म्हणाला याचा विचार केलास का? ते दार त्याच्याही कपाटाचं होतं. पान दोघांनी मिळून कापलं, दोघांनी मिळून बाबांपासून लपवलं. नंतर तू जर्मनीला गेलास, त्या गाडीच्या गावाला, आणि गेल्या नऊ वर्षांत ते स्वप्न हळूहळू तुझ्या एकट्याचं झालं. तुझ्या पत्राचा सूर 'माझे पैसे, माझी गाडी, माझं मन' असा आहे. भाऊ सुरुवातीला पान कापायला येतो आणि मग थेट शेवटी, टोमणा मारायला. मला वाटतं, त्यानं टोमणा मारला नाही, त्यानं आठवण करून दिली. ती जरा बोचरी झाली इतकंच. धाकटी भावंडं असंच बोलतात, त्यांना मोठ्याशी सरळ बोलायची सवय नसते. मीही धाकटीच होते. दादाला मी नियम ऐकवले त्याच्यामागेही 'मला पण काहीतरी कळतं' एवढंच होतं.

व्हॉट्सअॅपवर लिहू नकोस, फोन कर. नाशिकमध्ये रात्रीचे नऊ वाजले असतील अशा वेळी कर, जेवणं झालेली असतात. गाडीच्या डिझाइनवरून वाद पुन्हा काढू नकोस. त्याला सांग की जुनी ९९७ बघतोय, आणि जाहिरातींमधल्या दोन-तीन गाड्यांचे फोटो पाठवून विचार, 'यातली कुठली?' रंग त्याला ठरवू दे. त्याचा रंग तुला पसंत नसला तरी. आणि गाडी घेतलीस की पुढच्या मे महिन्यात त्याला बोलाव. व्हिसाचं काम आत्ताच सुरू करायला सांग, वेळ लागतो. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा बी-५०० रस्ता पहाटे लवकर मोकळा असतो. जाताना तू चालव, येताना चावी त्याला दे. डाव्या हातानं चालू करायची हे त्याला सांगू नकोस. पोस्टर बघत मोठा झालेला मुलगा आहे, त्याला माहीत असेल.

फोन झाला की मला कळव. आणि त्याला विचार, ते पान अजून दाराला आहे का. नाशिकचं घर रंगवताना कपाटं आतून कुणी रंगवत नाही.

— तुझी ताई